दगडफुलांचे डॉक्टर

डॉक्टर मुकादम गाडीचा हॉर्न वाजवत नसत. शारजा ते दुबई हा रस्ता ज्यांनी रोज केला आहे त्यांनाच या वाक्याचं वजन कळेल. सकाळी इत्तिहाद रोड गच्च भरलेला, कोणी कडेच्या पट्टीवरून गाडी घुसवतोय, कोणी काच खाली करून "यल्ला, यल्ला" ओरडतोय, आणि या सगळ्यात आमची पांढरी कोरोला डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी निवांत उभी. मागच्याने फारच हॉर्न मारले की डॉक्टर आरशात बघून मान डोलावत आणि म्हणत, "घाई कोणाला आहे?"

"सगळ्या जगाला आहे, डॉक्टर," पुढच्या सीटवरून सावंत म्हणत.

"दगडफुलाला नाही."

गाडीत आम्ही तिघं असायचो. तिघंही शारजात, अल नहदाला राहणारे, आणि तिघंही दुबईतल्या एकाच कन्सल्टन्सीत नोकरीला. कुठे रस्ता, हॉटेल किंवा दगडाची खाण काढायची असली की आधी तिथल्या पर्यावरणाचा रिपोर्ट लागतो, तो आमची कंपनी तयार करायची. सावंत नकाशे काढत. मी रिपोर्टची भाषा तपासायचे. आणि साइटवर काय उगवतं ते बघून लिहिणं हे डॉक्टरांचं काम. बहुतेक साइट म्हणजे निव्वळ वाळू, त्यामुळे त्यांचं प्रकरण अर्ध्या पानात संपायचं. "माझ्याइतकं कमी लिहून पगार घेणारा लेखक जगात दुसरा नसेल," असं ते म्हणत.

रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे ते. उंच, जरा पोक आलेले, दाढी अगदी बारीक कातरलेली. गळ्यात काळ्या दोऱ्याला एक छोटं भिंग कायम लटकत असे. सावंत त्याला डॉक्टरांचं मंगळसूत्र म्हणत. सह्याद्रीतल्या दगडफुलांवर त्यांनी पीएचडी केली होती, कॉलेजात शिकवलंही होतं. मग मेहुण्याने इकडे बोलावलं, तसे बायको-मुलीला घेऊन आले. मला ते वहिनी म्हणत. माझा नवरा अजित त्यांच्याहून बराच लहान, तरी वहिनीच.

दगडफूल मला माहीत होतं ते गोड्या मसाल्यातलं. ती जिवंत वस्तू आहे, खडकावर किंवा झाडाच्या सालीवर वाढते, आणि ती ना धड बुरशी ना धड शेवाळ, दोघांनी मिळून थाटलेला संसार आहे, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. एकदा ऑफिसातून येताना आम्ही कोपऱ्यावरच्या ग्रोसरीत थांबलो. मी दगडफुलाचं पाकीट उचललं, तर डॉक्टरांनी ते माझ्या हातातून घेतलं, तिथेच काउंटरवर फोडलं आणि भिंग डोळ्याला लावून एकेक तुकडा वेगळा करायला बसले. मागे रांग लागली. दुकानदार मल्याळी, तो कळवळून म्हणाला, "डॉक्टर साब, प्रॉब्लम है क्या? एक्सपायरी है क्या?"

"नहीं हबीबी. इसमें तीन अलग अलग खानदान हैं," डॉक्टर म्हणाले. "और ये चौथा तो सिर्फ लकडी है." लाकडाचा तुकडा तेवढा त्यांनी परत केला.

मसाल्यात टाकण्यापूर्वी मी अजूनही एकदा ते निरखते. त्यातली घराणी मला कधीच ओळखता आली नाहीत.

जॅममध्ये बसल्या बसल्या ते एका माणसाची गोष्ट सांगत. नाव घेत नसत, "आमचे म्हातारबाबा" म्हणत. हा म्हातारबाबा अमेरिकन. पेशवाई बुडायच्या सुमाराला जन्मलेला, बॉस्टनच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याचा थोरला मुलगा. बापाला वाटलं पोरगा पेढी सांभाळेल. पोरगा कायदा शिकला, मग धर्मशास्त्र शिकला, पुन्हा पुन्हा कॉलेजात नाव घालत राहिला आणि उरलेल्या वेळात उत्तरेकडच्या डोंगरांत जाऊन दगडांना नाक लावून बसू लागला. त्या काळी तिकडे या विषयात कोणी गुरू नव्हता. नमुने जहाजाने युरोपला पाठवायचे, उत्तराची महिनोन्‌महिने वाट बघायची. तिथल्या डोंगरातल्या एका घळीला पुढे त्याचंच नाव दिलं गेलं.

"मग? पुढे?" सावंत विचारत.

"पुढे चढण आहे," असं म्हणून डॉक्टर गाडी दोन हात पुढे घेत. गोष्ट नेहमी डोंगरातच थांबायची. म्हातारबाबा अमुक कड्यावर चढले, वादळात सापडले, खिशात भाकरीऐवजी दगड भरून परतले. त्यांचं पुढे काय झालं ते डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही.

एका शुक्रवारी ते त्यांच्या आणि आमच्या, दोन्ही कुटुंबांना रास अल खैमाच्या मागच्या डोंगरांत घेऊन गेले. डॉक्टरांची मुलगी सना तेव्हा अकरावीत, कानात इयरफोन घालून गाडीतच बसून राहिलेली. डॉक्टरांच्या बायकोने, जुबेदाभाभींनी, खिम्याचे समोसे आणले होते. सगळा डोंगर भाजल्यासारखा तपकिरी, गवताचं पातं नाही. डॉक्टर आम्हांला एका कड्याच्या उत्तरेच्या बाजूला घेऊन गेले, जिथे ऊन कमी पोचतं आणि हिवाळ्यात समुद्राकडून आलेलं धुकं टेकतं. खडकावर काळपट खपल्या होत्या. मला वाटलं, डांबराचे शिंतोडे आहेत. डॉक्टरांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून त्यातलं थोडं पाणी एका खपलीवर सोडलं आणि म्हणाले, "आता बोलू नका."

आम्ही बघत होतो आणि ती खपली हिरवी झाली. डोळ्यांदेखत. अजित मोठ्याने "अरे!" म्हणाला. डॉक्टरांचा चेहरा मी तेव्हा बघितला. पहिलं पोर हातात घेतलेल्या बापाचा असावा तसा होता.

"एवढी व्हायला तिला किती वर्षं लागली असतील?" मी विचारलं.

"तुमच्या माझ्या आजोबांच्या आधीपासून ती इथे आहे," ते म्हणाले. "आणि ही लहान आहे."

हे सगळं २००८ च्या आधीचं. मग ते वर्ष आलं आणि हिवाळा लागताना सगळं बदललं. आधी क्रेन थांबल्या. मग अजितची नोकरी गेली; तो एका बिल्डरकडे सेल्सला होता, आणि विकायला ऑफिसभर कागदी मनोरे उरले होते, घेणारा कोणी नव्हता. आमच्या कंपनीत दर गुरुवारी कोणाला तरी केबिनमध्ये बोलावत, आणि शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी आलं की ते टेबल रिकामं असे. सकाळचा जॅमसुद्धा कमी झाला. ज्या रस्त्याला आम्ही रोज शिव्या दिल्या तो मोकळा झालेला आता बघवत नव्हता.

आमचं ऑफिस चालवणारे कर्णिक पुण्याचे. वाईट माणूस नव्हता. ज्यांना काढलं त्यांच्यासमोर ते रडले होते, हे मी काचेतून पाहिलं आहे. त्यांच्या हातात आता एकच मोठं काम उरलं होतं. डोंगरात एक दगडाची खाण काढायची होती, तिचा रिपोर्ट. त्यापाठोपाठ त्याच क्लायंटचा रस्ता होता, बंदर होतं. हा रिपोर्ट वेळेत आणि विनाअडथळा गेला तर उरलेल्या आम्हां सगळ्यांचं वर्षभराचं निभणार होतं. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर, मुलांची शाळा, सगळं खलास. हे कोणी कोणाला समजावून सांगत नव्हतं. सगळ्यांना पाठ होतं.

डॉक्टर साइटवर चार दिवस राहून आले. परतले ते एकदम तरुण होऊन. त्या डोंगराची अख्खी उत्तरेची बाजू दगडफुलांनी भरलेली होती. इतकी, इतक्या प्रकारची, की वाळवंटात असं काही असेल हे त्यांना स्वतःला खरं वाटत नव्हतं. आणि नेमक्या त्याच बाजूने सुरुंग लागणार होते.

मीटिंगला मी होते, कारण रिपोर्ट माझ्या स्क्रीनवर उघडा होता. कर्णिकांनी दार लावून घेतलं.

"डॉक्टर, एक ओळ हवी आहे. 'लक्षणीय वनस्पती आढळली नाही.' बस."

"मला आढळली."

"कायद्याच्या यादीत दगडफुलाचं नावच नाही. मग लक्षणीय कसं म्हणायचं? यात खोटं काय आहे?"

"मग यादीत नाव नाही असं लिहितो," डॉक्टर म्हणाले. "आढळली नाही असं कसं लिहू, साहेब? खाण दक्षिणेकडून काढा. दगड तोच आहे."

"मी विचारलं नाही असं वाटतं तुम्हांला? तिकडे रस्ता नाही. रस्ता करायला आता कोणाकडे काही उरलेलं नाही." कर्णिकांचा आवाज खाली आला. "वनस्पतीतज्ज्ञ म्हणून करारात तुमचंच नाव आहे. दुसऱ्याची सही चालणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर ते उद्या दुसऱ्या कन्सल्टंटकडे जातील, तो ही ओळ लिहील, आणि खाण होईलच. फक्त आपण नसू. हे कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"मी बघून आलोय," डॉक्टर म्हणाले. "बघून आलो नसतो तर सही केली असती."

त्या संध्याकाळी आम्ही तिघं नेहमीसारखे गाडीत बसलो. त्या दिवशी पुढे कुठे अपघात झाला होता, म्हणून रस्ता पुन्हा पूर्वीसारखा तुंबला होता. दुबईच्या खाडीवरचा पूल ओलांडल्यावर सावंतांनी तोंड उघडलं.

"डॉक्टर, माझ्या बायकोला सातवा महिना आहे."

"माहीत आहे."

"तिच्या डॉक्टरने प्रवास नको सांगितलाय. आणि तुम्ही एका बुरशीसाठी..."

"अर्धी बुरशी. अर्धं शेवाळ," डॉक्टर म्हणाले. ते सवयीने म्हणाले. मला खात्री आहे की त्यांना चेष्टा करायची नव्हती. वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांची चूक दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या तोंडून ते आपोआप निघालं. पण निघालं.

सावंतांनी दार उघडलं, उतरले, आणि रस्त्याच्या कडेने शारजाच्या दिशेने चालायला लागले.

पुढे जे झालं ते आठवलं की मला आजही हसावं की काय करावं ते समजत नाही. जॅम असा होता की गाडी आणि सावंत एकाच वेगाने पुढे सरकत होते. ते दहा पावलं पुढे जात, आम्ही पुन्हा त्यांना गाठत असू. डॉक्टरांनी सावंतांच्या रिकाम्या सीटकडची काच खाली केली. "सावंत, बसा." सावंत समोर बघून चालत राहिले. "सावंत, अहो घर लांब आहे, बसा." शर्ट पाठीला चिकटलेला, हातात डब्याची पिशवी. आजूबाजूच्या गाड्यांतली माणसं बघत होती. असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. शेवटी रस्ता सुटला, मागून हॉर्न सुरू झाले आणि डॉक्टरांना गाडी पुढे न्यावीच लागली. आरशात सावंत लहान होत गेले.

अल नहदाचं वळण आल्यावर डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तुम्ही काहीच बोलत नाही."

"मी काय बोलू, डॉक्टर?"

खरं होतं ते. मला राग आला होता. घरी अजित दिवसभर फोनकडे बघत बसलेला असायचा आणि आमचं घर माझ्या एकटीच्या नोकरीवर टिकून होतं. आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं की त्यांनी सही केली असती, तर त्यांच्याशी पुन्हा पूर्वीसारखं बोलणं मला जमलं नसतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे मला त्या दिवशी समजलं. समजून उपयोग काही झाला नाही.

त्यांनी आमच्या बिल्डिंगखाली गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही.

"म्हातारबाबांचं शेवटी काय झालं ते मी तुम्हांला सांगितलं नाही," ते म्हणाले. "त्यांच्या म्हातारपणी एका स्विस माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगितलं की दगडफूल म्हणजे एक जीव नाही, दोन आहेत. म्हातारबाबांनी मानलं नाही. अख्खं आयुष्य त्यांनी त्या दगडांपाशी घालवलेलं. ते म्हणाले, मला सांगताय? मी बघितलंय. ऐकू येणं कमी झालं होतं, माणसं भेटायची कमी झाली होती, तरी लिहीत राहिले की हे सगळं थोतांड आहे. मोठ्या ग्रंथाचा दुसरा भाग अर्धवट टाकून गेले."

"मग?"

"मग काय. चुकले होते ते, वहिनी. पार चुकले होते. मी बघितलंय, असं म्हणणारा माणूससुद्धा चुकतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला झोप येणार नाही आज."

दुसऱ्या दिवशीही त्यांनी सही केली नाही. क्लायंटला दुसरा कन्सल्टंट मिळाला, त्याने ती ओळ लिहिली. आमची कंपनी उन्हाळ्याच्या तोंडाला बंद पडली. ती डॉक्टरांमुळे पडली का, तशीही पडणार होती, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण ऑफिसात सगळ्यांनी आपापल्या मनात ते ठरवून टाकलं. शेवटच्या दिवशी डॉक्टर प्रत्येकाच्या टेबलापाशी गेले. काहींनी हात मिळवला. कर्णिकांनी मिळवला, आणि वर म्हणाले, "तुम्ही मला फार अवघड ठिकाणी नेलंत." सावंत पाणी प्यायला म्हणून उठून गेले आणि डॉक्टर खाली उतरेपर्यंत परत आले नाहीत.

आणि गंमत बघा, ती खाण झालीच नाही. डोंगराच्या पायथ्याशी यंत्रं येऊन उभी राहिली आणि क्लायंटचाच गाशा गुंडाळला गेला.

मी भाभींना सामान बांधायला मदत करायला गेले होते. सनाची बारावीची परीक्षा झाली होती. तिच्या मैत्रिणी कुठल्या कुठल्या देशांत शिकायला चालल्या होत्या, आणि ही रत्नागिरीला. ज्या गावात ती सुट्टीतसुद्धा चार दिवसांवर राहिली नव्हती, त्या गावात. पेटीला चिकटपट्टी लावणाऱ्या बापासमोर ती उभी राहिली.

"अब्बा, दे वेअर जस्ट स्टेन्स ऑन अ रॉक," ती म्हणाली. "यू चोज स्टेन्स."

डॉक्टरांनी पट्टी नीट शेवटपर्यंत लावली, नखाने तिचं टोक दाबलं. सना आत निघून गेली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, लहान आहे, रागावू नका तिच्यावर.

"रागावायचं कशाला?" भाभी भांडी कागदात गुंडाळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "ती माझंच बोलली."

मायलेकी गेल्या. डॉक्टर एकटे मागे राहिले, दुबईच्या कडेच्या स्वस्त इंटरनॅशनल सिटीत चौघांबरोबर एका खोलीत, व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधत. सुरुवातीला फोन व्हायचे. सावंतांची बायको सातव्या-आठव्या महिन्यात विमानाने गेली, मुंबईत तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे मीच त्यांना कळवलं. ते म्हणाले, "अल्हम्दुलिल्ला," आणि फोन ठेवला. सावंतांना पुढे दोह्याला काम लागलं. आजही त्यांच्यासमोर डॉक्टरांचं नाव निघालं की ते विषय बदलतात.

आमचंही हळूहळू रुळावर आलं; मला कमी पगाराचं दुसरं काम मिळालं, म्हणून व्हिसा टिकला. अजितला अबू धाबीत नोकरी लागली आणि तीनेक वर्षांनी आम्ही अल रीम आयलंडवरच्या एका उंच टॉवरमध्ये राहायला गेलो. खाली दोन इमारतींच्या मध्ये बाग करायचं काम चाललं होतं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी भाजी घेऊन येत होते. हिरव्या जॅकेटमधला एक उंच माणूस मजुरांना तयार गवताच्या गुंडाळ्या कशा उलगडायच्या ते दाखवत होता. पोक वाढलेलं, दाढी पांढरी.

"डॉक्टर!"

"वहिनी?" ते हसले. गवताच्या मातीने भरलेले हात त्यांनी जॅकेटला पुसले. "बघा, आडनावाला जागलो शेवटी. खराखुरा मुकादम झालो."

आम्ही तिथेच कठड्यावर बसलो. सना पुण्यात शिकत होती. बोलते का तुमच्याशी, असं मी विचारलं नाही. त्यांनी आपण होऊन सांगितलं, ईदला बोलते. भाभींचे गुडघे दुखतात. मग मी न राहवून विचारलं, "त्या डोंगराकडे परत कधी गेलात?"

"गेल्या हिवाळ्यात गेलो," ते म्हणाले. "काम सुरू झालंय तिथे. दुसऱ्या कोणीतरी घेतली ती जागा. रस्ते परत व्हायला लागलेत ना, दगड लागतो. उत्तरेची बाजू गेली."

"सगळी?"

"सगळी. दक्षिणेची आहे अजून, तिला काही झालेलं नाही." हे ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, रस्त्याची माहिती सांगावी तसं.

समोर मजूर एक गुंडाळी उलगडत होते, ती मध्येच फाटली. डॉक्टर तिकडे बघून हिंदीत काहीतरी ओरडले, मग पुन्हा बसले. मला जे इतकी वर्षं विचारायचं होतं ते मी विचारलं. "डॉक्टर, पश्चात्ताप होतो का?"

त्यांनी बोटांवरची माती झटकली. मला वाटलं, ते विषय बदलतील.

"रोज सकाळी उठल्यावर वेगळं वाटतं," ते म्हणाले. "एखाद्या दिवशी वाटतं, बरं केलं, निदान माझ्या हातून झालं नाही. एखाद्या दिवशी सावंत दिसतात, ती पिशवी घेऊन चाललेले."

"आणि आज?"

"आज?" ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळू. "आज वाटतंय, सही करायला हवी होती. उद्या विचारा, उद्या कदाचित दुसरं सांगेन."

बस आली होती. मजूर अवजारं गोळा करून चढायला लागले. डॉक्टर दाराशी उभे राहून एकेकाला आत घेत होते. सगळे चढल्यावर ते शेवटी चढले, आणि बस वळताना मागच्या काचेतून त्यांनी हात वर केला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मी थर्मासमध्ये चहा घेऊन खाली गेले. त्यांची टोळी रात्रीतून दुसऱ्या साइटवर हलवली आहे, असं वॉचमनने सांगितलं. कुठल्या ते त्याला माहीत नव्हतं. नंबर होता माझ्याकडे, पण आज काय वाटतंय, हे फोनवर विचारण्यासारखं नव्हतं. नवं गवत सगळीकडे अंथरून झालं होतं, त्यावर कोणी चालू नये म्हणून भोवती दोरी बांधली होती. मी जरा वेळ दोरीपाशी उभी राहिले आणि वर आले.